अँप घरी, डीआय बॅगेत : नागपुरातल्या एका बेसवाल्याचा अनुभव

कव्हर बँडमध्ये, म्हणजे दुसऱ्यांची गाजलेली गाणी वाजवणाऱ्या बँडमध्ये, बेस गिटार वाजवणाऱ्याला लोक दोनच गोष्टी म्हणतात. एक, "हिला चारच तारा काहून?" आणि दोन, "तुमचं काही ऐकूच नाही आलं भाऊ." पहिलीचं उत्तर पटकन देता येतं. दुसरीच्या मागे मी बरीच वर्षं लागलो, त्यात एक अँप (अँप्लिफायर) विकला, दोन-तीन डबे घेतले, आणि आता कुठे गाडी रुळावर आली आहे. नवीन बेसवाले पोरं सारखं विचारतात म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतो.

आमचा बँड पाच जणांचा, सगळे नोकरीवाले. हिंदी जास्त, मराठी थोडं, आणि लग्न असलं की शेवटी पंजाबी, त्याच्याशिवाय सुटका नाही. धरमपेठ-सदरकडचे कॅफे, वर्धा रोड आणि कोराडी रोडचे लॉन, कॉलेजांची गॅदरिंग, सोसायट्यांचे गणपती. कॅफेत पैसे कमी पण लोक ऐकायला बसलेले असतात, लॉनवर पैसे बरे पण लोक पनीरच्या स्टॉलकडे पाठ करून उभे... म्हणजे आपल्याकडे पाठ करून उभे. असो.

सुरुवातीला मी पंधरा इंची स्पीकरचा शंभर वॅटचा कॉम्बो अँप, म्हणजे स्पीकर आणि अँप एकाच डब्यात, घेऊन फिरायचो. अॅक्टिव्हावर तो बसत नाही, म्हणून दर वेळी ऑटो, आणि ऑटोवाला विचारणार "डीजे आहे का?" लॉनवर पोचलो की दोघांनी धरून स्टेजवर चढवायचा. आणि एवढं करून उपयोग काय, तर मला आणि ड्रमरला मस्त ऐकू यायचं, तिसऱ्या खुर्चीपासून पुढे काहीच नाही. याचं कारण सरळ आहे. बेसची सगळ्यात जाडी तार, ई, साधारण ४१ हर्ट्झवर वाजते, आणि इतक्या खालच्या आवाजाला आपला कान फार कमी संवेदनशील असतो, तोच जोर कानाला जाणवायचा तर ताकद कितीतरी पट लागते. वरून लॉनला ना भिंत ना छत, खोलीत खालचा सूर भिंतीवर आपटून परत येतो तसं तिथे काहीच होत नाही, गेला तो गेला. शंभर वॅटचा डबा तिथे काय करणार! त्याच स्टेजच्या दोन्ही बाजूंना साउंडवाल्याचे डबल अठरा इंची बेसचे स्पीकर लावलेले असतात, म्हणजे ताकद तर तिथेच पडून आहे, फक्त माझा सूर तिथपर्यंत नीट गेला पाहिजे.

एका लॉनवर साउंडवाल्या दादांनी मला स्पष्टच सांगितलं, "भाऊ, हा डबा कायले आणता? लाइन द्या न डायरेक्ट." मग त्यांनी एक लांबलचक केबल काढली, एका टोकाला गिटारचा जॅक, दुसऱ्या टोकाला माइकची पिन, आणि माझा बेस सरळ मिक्सरला, म्हणजे साउंडवाला सगळे आवाज जिथे एकत्र करतो त्या मशीनला. आवाज आला, पण असा की जणू कोणी रजईखालून वाजवून राहिलं आहे. तेव्हापासून मी हे प्रकरण समजून घ्यायला लागलो.

माझा बेस पॅसिव्ह, म्हणजे आत बॅटरी नाही. अशा बेसच्या पिकअपचा (तारांचं कंपन पकडणाऱ्या चुंबकाचा) इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, खूप जास्त असतो, आणि तसा सिग्नल लांब केबलमधून पाठवला की वरचा भाग, म्हणजे बोटाचा टक-टक, तारेची कड, सगळं वाटेतच गळून जातं. शिवाय साधी गिटारची केबल अनबॅलन्स्ड, ती लाइटिंगच्या वायरीजवळून गेली की सगळी घरघर उचलते. बेस आणि मिक्सरच्या मध्ये लावायचा छोटा डबा म्हणजे डीआय बॉक्स. तो काय करतो, तर हा इम्पिडन्स खाली आणतो आणि सिग्नल बॅलन्स्ड करून देतो, म्हणजे तोच सिग्नल दोन तारांवर एक सुलटा एक उलटा असा जातो, मिक्सरला पोचल्यावर दोन्हीतला फरक घेतला जातो, आणि वाटेत दोन्ही तारांवर सारखीच चिकटलेली घरघर तिथे कटते. मग केबल पन्नास मीटर जरी असली तरी बिनधास्त.

आता पॅसिव्ह डीआय की अॅक्टिव्ह डीआय यावर पोरं तासन् तास भांडतात. माझ्या कामाचा नियम एवढाच, बेस पॅसिव्ह असेल तर अॅक्टिव्ह डीआय घ्या, आणि बेस अॅक्टिव्ह असेल किंवा कीबोर्ड असेल तर साधा ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय चालून जातो. अॅक्टिव्ह डीआयला करंट लागतो, तो मिक्सरकडून ४८ व्होल्टचा फँटम म्हणून येतो, पण आपल्याकडच्या छोट्या फंक्शनला जे मिक्सर येतात त्यात फँटम असेलच याचा भरवसा नाही, आणि असला तरी "त्या बटणाले हात नका लावू" असं ऐकायला मिळतं. म्हणून बॅटरीवरही चालणारा घ्या. मी पुढे जाऊन प्रीअँप पेडल घेतला ज्यात डीआय आतच आहे. टेक २१ कंपनीचा सॅन्सअँप बेस ड्रायव्हर ९० च्या दशकात आला तेव्हापासून ही कल्पना चालू आहे, अँपचा आवाज पेडलमध्येच बनवायचा आणि तयार माल मिक्सरला द्यायचा. माझा स्वस्तातला आहे, त्याच घराण्यातला म्हणा. कॅफेच्या टेबलावर बसलेल्या माणसाला फरक कळत नाही, मलाही डोळे मिटून कळेल असं वाटत नाही.

तरी अँप सोडवत नव्हता. मग काही दिवस दोन्ही केलं, स्टेजवर अँप आणि मिक्सरला लाइन. आणि तिथेच हमिंगचा भुताटकीचा खेळ सुरू झाला. लॉनवर वीज जनरेटरची, अर्थिंग रामभरोसे, माझा अँप स्टेजवरच्या बोर्डावर आणि मिक्सर पार मंडपाच्या मागच्या बोर्डावर, दोन्हीकडची अर्थ वेगळी, म्हणजे ग्राउंड लूप (दोन अर्थमधून केबलद्वारे फिरणारा करंट) तयार. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि ई तारेवर तिसऱ्या पट्टीवरचा (फ्रेटवरचा) जी ४९ हर्ट्झचा, त्यामुळे गाणं जी मध्ये असलं की ती घरघर किंचित चढलेल्या जी सारखी सोबत करते, सूर लागता लागत नाही, वेडं व्हायची पाळी.

यावर दोन उपाय सांगितले जातात. एक, डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण, हे योग्य, त्यात फक्त ऑडिओ केबलची अर्थ तोडली जाते. दुसरा, प्लगची तिसरी मोठी पिन तोडून टाकायची. हे कोणी सांगितलं तर त्याचं ऐकू नका, कितीही सीनिअर असो. बेसच्या तारा अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात, माइकची जाळी मिक्सरच्या अर्थला, मध्ये तुम्ही, घामाने ओले हात आणि ओठ माइकला. आमच्या गिटारवाल्याला कोरस म्हणताना ओठाला असा झटका बसला होता की पुढची दोन गाणी तो माइकपासून वीतभर लांब उभा राहून ओरडत होता. तेव्हापासून बॅगेत मल्टिमीटर असतो. वाजवायच्या आधी माइकची जाळी आणि बेसचा ब्रिज (तारा अडकवलेला धातूचा भाग) यांच्यात एसी व्होल्टेज मोजतो, आकडा आला की साउंडवाल्याला शांतपणे म्हणतो, दादा, सगळ्यांना एकाच बोर्डावरून करंट द्या. ऐकतात, कारण मीटर पाहिला की माणूस वाद घालत नाही.

पण खरा मुद्दा मला त्यातूनच सुचला. पेडल बॅटरीवर, अँप नाही, म्हणजे माझ्याकडून अर्थ एकच, मिक्सरची. लूप बनायला दुसरी बाजूच उरली नाही. एका रिसेप्शनला मुद्दाम अँप घरी ठेवून गेलो आणि हमिंग गायब. फक्त आता मलाच माझं काही ऐकू येईना! स्टेजवर मॉनिटर (वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेले स्पीकर) दोन, एक गायकापुढे, एक कीबोर्डकडे, बेसवाल्याला कोण देतो. पूर्ण सेट मी ड्रमरच्या पायाकडे बघून वाजवला.

म्हणून इन-इअर, म्हणजे इअरफोनमधून कानातच मॉनिटर. वायरलेस घेऊ नका लगेच, बेसवाला कुठे पळत सुटतो, वायरवालाच पुरतो. मी बेहरिंगरचा पी२ घेतला, पट्ट्याला अडकतो, दोन बारीक ट्रिपल ए सेलवर चालतो, मिक्सरच्या ऑक्समधून, म्हणजे त्याच्या वेगळ्या आउटपुटमधून, एक केबल आली की झालं. ऑक्स मिळवणं हेच मोठं काम. सामान उतरत असतानाच साउंडवाल्याला भेटायचं, चहा पाजायचा, नाव विचारायचं, आणि मग म्हणायचं की मला फक्त बेस, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि थोडा गायक पाहिजे. स्टेजवर चढल्यावर मागितलं तर नाही मिळत. आणि सकाळचा साउंडचेक असेल तर तर्री-पोहे आपल्याकडून, हा खर्च मी गिअरमध्येच धरतो.

इन-इअर घेताना इअरफोनच्या टिप्सवर लक्ष द्या. कानात घट्ट बसल्या नाहीत तर सगळ्यात आधी बेसच गायब होतो, आणि माणूस म्हणतो इअरफोन भंगार आहे. फोमच्या टिप्स लावा, प्रश्न सुटतो. एक कान उघडा ठेवायची सवयही नको, मग बंद कानातला आवाज आपण वाढवत जातो. ८५ डेसिबल आठ तास चालतं असं धरतात, आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. आमच्या ड्रमरच्या क्रॅशजवळ (मोठ्या झांजेजवळ) उभं राहून बघा, मग हा हिशोब पटतो.

एवढं सगळं झाल्यावर आवाज समोर जायला लागला, आणि मग कळलं की अर्धा प्रश्न गिअरचा नव्हताच, तो कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताचा होता. आपल्याकडचे कीबोर्डवाले ऑर्केस्ट्रात तयार झालेले, तिथे बेसवाला नसतोच, डावा हात आणि ऑक्टोपॅड मिळून सगळं ओढतात. सवय जात नाही. तो खाली सी धरून बसला आणि मी त्याच जागेत लाइन वाजवली की समोर फक्त गाळ. आमचे कीबोर्डवाले काका वयाने मोठे, त्यांना "डावा हात उचला" असं कसं म्हणायचं? शेवटी प्रॅक्टिस मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि त्यांना हेडफोन देऊन ऐकवली. काही बोलले नाहीत, पण पुढच्या प्रॅक्टिसपासून डावा हात एक सप्तक वर. जोशात आले की येतो परत खाली, मी फक्त बघतो त्यांच्याकडे.

पाच तारांचा बेस घेऊ का, हेही सगळे विचारतात. मी घेतला, आणि तो गायकामुळे. मूळ गाणं पांढरी तीन मध्ये, म्हणजे ई, बेसवाल्यासाठी स्वर्ग, मोकळी तार वाजवा आणि मजा करा. गायक स्टेजवर म्हणतो, आज गळा बसला आहे, काळी दोन घ्या. कीबोर्डवाला ट्रान्स्पोजचं बटण दाबतो आणि हसतो. माझ्या चार तारांत तो सूर खाली नाहीच, ई च्या खाली अर्धा सूर कुठून आणणार, मग सगळी लाइन वर न्यायची आणि गाण्याचं वजन जातं. पाच तारांत बी तारेच्या चौथ्या पट्टीवर तो बसलेलाच आहे, ३९ हर्ट्झला. पण हेही सांगतो, कॅफेतल्या दहा-बारा इंची स्पीकरमधून ३९ हर्ट्झ सहसा नीट बाहेर येत नाही, तिथे वरचाच सूर वाजवा, खालचा वाजवून फक्त स्पीकर थरथरतो. आणि पाच तारांचा सेट नागपुरात दुकानात हव्या त्या दिवशी मिळेल असं नाही, ऑनलाइन मागवून एक जास्तीचा ठेवाच.

उन्हाळ्याचं वेगळं लिहायला पाहिजे खरं तर. पारा ४५ च्या वर, घरात कूलर, आणि बेस त्याच कूलरच्या खोलीत भिंतीला टांगलेला. रात्रभर ओलावा खातो, संध्याकाळी लॉनवर कोरड्या गरम हवेत जातो, नेक (बेसची लांब लाकडी दांडी) हलणारच. तारा अचानक वर आल्यासारख्या वाटतात किंवा पहिल्या पट्ट्यांवर खडखडतात. मी मे महिन्यात बेस बॅगेतच ठेवतो, कूलरच्या खोलीत नाही, आणि ट्रस रॉड (नेकचा बाक ठरवणारी आतली सळई) फिरवायचा झाला तर एका वेळी पाव फेरा, मग दुसऱ्या दिवशी बघायचं. घामाने तारा मरतात ते वेगळंच. माझ्या ड्रमरचं म्हणणं, प्रसिद्ध बेसवादक जेम्स जेमर्सन तारा बदलायचाच नाही. अबे, तो फ्लॅटवाउंड (गुळगुळीत तारा) वापरायचा आणि तो जेमर्सन होता. मी राउंडवाउंड (खरखरीत तारा) लावतो, प्रत्येक गिगनंतर कपड्याने पुसतो, आणि सीझन संपला की बदलतो.

वेळेचं गणित मात्र कशानेच सुटलेलं नाही. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, २००० सालच्या नियमाप्रमाणे, आणि वरात लॉनवर पोचते नऊला. स्टेजवर फोटो चालू आहेत तोपर्यंत थांबा, मग मामा भाषण करणार, मग आमच्या वाट्याला चाळीस मिनिटं. अशात साउंडचेक कसला, पहिलं गाणं हाच साउंडचेक, म्हणून पहिलं गाणं मी नेहमी असं मागतो ज्यात बेस साधा आहे आणि साउंडवाल्याला लेव्हल लावायला वेळ मिळतो. डिसेंबरात अधिवेशन असलं तर सिव्हिल लाइन्सकडे मोर्चे आणि बॅरिकेड, देशपांडे हॉलला कार्यक्रम असेल तर दुपारीच जाऊन बसतो. आता बेस पाठीवर, पेडल, पी२, केबल, मीटर आणि सेल एका सॅकमध्ये, त्यामुळे मेट्रोनेही जातो कधी कधी, झीरो माइलला उतरायचं.

अँप एका कॉलेजच्या पोराला विकला, प्रॅक्टिसच्या खोलीसाठी तो चांगलाच आहे. त्याला सोबत एक डीआय घे म्हणून सांगितलं. "पहिले गिग तर मिळू द्या दादा," म्हणाला.