नाईलकाठी दोघी

शुक्रवारी रात्री शाळेतल्या मैत्रिणीला घ्यायला इथं युगांडातल्या एंटेबे विमानतळावर गेले. घरी पोचताच बॅगेतून तिनं आधी काय काढलं, तर आईनं दिलेला गोडा मसाला आणि मेतकूट. झाकण उघडलं आणि कंपालातलं माझं स्वयंपाकघर सांगलीच्या वासानं भरून गेलं.

शनिवारी जिंजा गाठलं, साधारण 80 किलोमीटर. वाटेत माबिराचं दाट जंगल. होडीतून नाईलच्या उगमापाशी गेलो. व्हिक्टोरिया सरोवराचं पाणी इथून निघून 6,000 किलोमीटरहून लांब भूमध्य समुद्राला मिळतं. काठावर गांधीजींचा अर्धपुतळा आहे. 1948 साली त्यांच्या अस्थींचा काही भाग इथं विसर्जित केला होता. ती चपला काढून, हात जोडून उभी राहिली. मला गलबलून आलं. मी इथं आधीही आले होते, पण सोबत गावाकडचं माणूस नव्हतं.

परतताना रस्त्याकडेला रोलेक्स खाल्लं. कांदा, टोमॅटो, कोबी घातलेलं ऑम्लेट चपातीत गुंडाळून देतात. तिला इथंही चपातीच म्हणतात. "अगं, हिला पदर सुटलेत बघ!" ती म्हणाली.

रविवारी दिवसभर पाऊस. मेतकूट-भात खाल्ला आणि संध्याकाळपर्यंत बोलत बसलो.