मेम्फिसमध्ये आयझॅक हेजच्या शोधात

मेम्फिसला येणारे बहुतेक पर्यटक एल्विसच्या घरी जातात. मी मात्र सोल संगीताचा अमेरिकन गायक-गीतकार आयझॅक हेजसाठी आले होते, त्यामुळे गाडी थेट ईस्ट मॅकलेमोर अव्हेन्यूवर घेतली. इथल्या कॅपिटल थिएटरात जिम स्टुअर्ट आणि एस्टेल ॲक्स्टन या भावाबहिणीने स्टॅक्स रेकॉर्ड्स या सोल संगीताच्या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ थाटला होता. मूळ इमारत १९८९ मध्ये पाडली. २००३ मध्ये त्याच जागी तशीच वास्तू उभारून संग्रहालय उघडलं.

स्टुडिओत शिरताच जमीन उतरती असल्याचं पायांना जाणवतं. थिएटरचा तो उतार नव्या बांधकामातही मुद्दाम राखलाय. मी बराच वेळ तिथेच रेंगाळले.

आयझॅक १९४२ चा, टेनेसीतल्या कव्हिंग्टन गावचा. आजी-आजोबांनी वाढवलं. लहानपणी कापूस वेचला, पुढे मांसाच्या कारखान्यात राबला. स्टॅक्समध्ये आला तो तिथला वादक बुकर टी. जोन्स कॉलेजला गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या कीबोर्डवर. समोरच्या किराणा दुकानात डेव्हिड पोर्टर कामाला होता. या दोघांची जोडी जमली आणि सॅम अँड डेव्ह या गायकद्वयासाठी एकाहून एक गाणी झाली. १९६७ च्या डेट्रॉइटच्या दंगलीत कृष्णवर्णीयांनी आपल्या दुकानांवर ‘सोल’ असं रंगवलं होतं, जाळपोळीतून ती वाचावीत म्हणून. ‘सोल मॅन’ हे गाणं त्यातूनच सुचलं. आयझॅक म्हटलं की लोकांना त्याच्या अंगावरच्या सोन्याच्या साखळ्या आठवतात. मला दुसऱ्यांच्या गळ्यासाठी गाणी घडवणारा हा माणूस जास्त मोठा वाटतो.

४ एप्रिल १९६८ ला याच शहरातल्या लॉरेन मोटेलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. स्टॅक्सची मंडळी तिथे नेहमी उतरायची, गाणी लिहायची. आयझॅकला त्यानंतर वर्षभर काही सुचेना. मग १९६९ मध्ये आला ‘हॉट बटर्ड सोल’ हा अल्बम. फक्त चार गाणी, त्यातलं एक अठरा मिनिटांहून मोठं! ऑर्गनचा एकच सूर धरून तो आधी कितीतरी मिनिटं नुसता बोलत राहतो. विलंबित ख्यालावर पोसलेल्या माझ्या कानांना ही सबुरी लगेच ओळखीची वाटली.

‘शाफ्ट’ या चित्रपटाच्या गाण्याने १९७२ मध्ये ऑस्कर मिळवून दिलं. सर्वोत्कृष्ट गीताचा तो मान मिळवणारा आयझॅक पहिला कृष्णवर्णीय. त्या काळातली त्याची निळी कॅडिलॅक इथे फिरत्या चौथऱ्यावर आहे. आत फर, बाहेर सोनेरी काम. पण १९७५ च्या अखेरीस स्टॅक्स बुडाली, पुढच्याच वर्षी तोही दिवाळखोर झाला. घर गेलं, स्वतःच्या गाण्यांची रॉयल्टीसुद्धा गेली. हे वाचून मला खरोखर राग आला.

संग्रहालयाला लागूनच स्टॅक्स म्युझिक अकॅडमी आहे. तिथे वस्तीतली मुलं हेच संगीत शिकतात. मेम्फिसला गेलात तर अर्धा दिवस इथे राखून ठेवा, आणि लॉरेन मोटेलमधलं नागरी हक्क संग्रहालयही त्याच दिवशी पाहा.