माझं काही नाही हो!

"माझं काही नाही हो, मी आपलं सगळ्यांच्या भल्यासाठी बोलतोय." सभेत कुणी असं म्हणत उभं राहिलं की मी सावरून बसतो. आता त्यांचं जे काही आहे ते बाहेर येणार.

इमारतीत लिफ्ट बसवायची चर्चा घ्या. तळमजल्यावरच्या गृहस्थांना अचानक विजेच्या उधळपट्टीची आणि पृथ्वीच्या वाढत्या तापमानाची काळजी वाटू लागते. चौथ्या मजल्यावरचा धट्टाकट्टा तरुण ज्येष्ठ नागरिकांच्या गुडघ्यांविषयी इतक्या हळवेपणानं बोलतो की समोर बसलेले ज्येष्ठ नागरिकच गांगरून जातात. त्यांना मात्र कुणी काही विचारलेलं नसतं. "मला चार जिने चढायचा कंटाळा येतो" आणि "जे मी वापरणार नाही त्याचे पैसे मला द्यायचे नाहीत" ही दोन साधी, मुळीच लाज वाटू नये अशी वाक्यं. पण सभा कितीही लांबली तरी ती कुणाच्या तोंडून निघत नाहीत.

बंदूक ठेवायला दुसऱ्याचे खांदे मात्र मुबलक असतात. लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत, गोरगरीब तर आहेतच. सगळ्यांत सोयीची भावी पिढी. ती अजून जन्मलीच नसल्यामुळे "आम्ही असं कधी म्हणालो होतो?" असं विचारायला येऊ शकत नाही.

हे सगळं ढोंग म्हणून सोडून देता आलं असतं तर बरं होतं. अडचण अशी, की पुढे केलेली काळजी पुष्कळदा खरीही असते. विजेच्या इतिहासातलं एक भांडण मला याच कारणासाठी आवडतं. १८८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत थॉमस एडिसनची डीसी (एकाच दिशेनं वाहणारी) वीज आणि जॉर्ज वेस्टिंगहाउसची एसी (सतत दिशा बदलणारी) वीज यांची जुंपली होती. एसीचा दाब वाढवून ती कमी खर्चात लांबवर नेता येई. डीसीची वीजकेंद्रं ग्राहकांच्या जवळपासच उभारावी लागत. धंद्यात डीसी मागे पडत चालली होती. अशा वेळी, जून १८८८मध्ये, हॅरॉल्ड ब्राउन नावाच्या एका वीजतज्ज्ञानं न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, की एसीच्या तारा माणसं मारताहेत. पुढच्याच महिन्यात त्यानं कोलंबिया कॉलेजात लोकांसमोर एका कुत्र्याला आधी डीसीचे झटके दिले आणि मग एसीनं मारून दाखवलं. आपण हे केवळ लोकांच्या जिवासाठी करतो आहोत, कुणाच्या वतीनं नव्हे, असं त्याचं म्हणणं. प्रयोगांना मदत मात्र एडिसनच्या प्रयोगशाळेची होती.

त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यानं फाशीऐवजी विजेनं देहदंड द्यायचं ठरवलं. तेव्हा लोकांच्या जिवाची काळजी करणारा हा माणूस, त्या कामाला वेस्टिंगहाउसचीच यंत्रं लागावीत म्हणून खटपट करत होता. ६ ऑगस्ट १८९० रोजी पहिला देहदंड झाला तो त्या यंत्रावरच.

आणि तरीही ब्राउनचं मूळ म्हणणं खोटं नव्हतं! न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर तेव्हा तारांची जाळी लोंबत होती आणि माणसं खरोखर मरत होती. ऑक्टोबर १८८९मध्ये तर तारा दुरुस्त करणारा एक कामगार भरदिवसा, खाली जमलेल्या गर्दीच्या डोळ्यांदेखत, त्या जाळ्यात अडकून मेला. म्हणून बोलणाऱ्याच्या मनात काय आहे हे शोधत बसण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. मी पाहतो तो त्यानं सुचवलेला उपाय. तारांनी माणसं मरत असतील तर त्या नीट मढवाव्यात, जमिनीखाली न्याव्यात. ब्राउनचं म्हणणं होतं, एसीचा दाब ३०० व्होल्टच्या आत ठेवा. म्हणजे जिच्या जोरावर एसी स्वस्त पडत होती ती गोष्टच काढून घ्या. दुखणं सगळ्यांचं होतं. औषधाचा गुण मात्र नेमका एकाच कंपनीला येणार होता.

कधीकधी तर स्वार्थाला स्वतः बोलावंही लागत नाही. अर्थशास्त्रज्ञ ब्रूस यँडल यांनी १९८३मध्ये याचं नमुनेदार उदाहरण दिलं. रविवारी दारूची दुकानं बंद ठेवा, असा आग्रह धर्मनिष्ठ मंडळी मनापासून धरतात, आणि चोरून दारू विकणाऱ्याला तेच हवं असतं. धर्मनिष्ठांनी व्यासपीठ सांभाळायचं, यानं गल्ला.

पण यात ऐकणाऱ्यांचाही हात आहे, असं मला वाटतं. रस्ता रुंद करायच्या बैठकीत एखादा सरळ म्हणाला, "माझं अंगण जातंय, म्हणून माझा विरोध आहे," की लोक एकमेकांकडे पाहतात. काय हा आपमतलबी! तो ओशाळून खाली बसतो आणि पुढच्या वेळी झाडावरच्या पक्ष्यांची घरटी घेऊन येतो. इथं खरं नुकसान होतं. अंगणाबद्दल बोलणी होऊ शकतात. भरपाई ठरवता येते, रस्ता दोन हात सरकवता येतो. घरट्यांबाबत घासाघीस कशी करणार? रस्ता हवा म्हणणारा आता थेट पक्ष्यांचा वैरी ठरतो, आणि तोही मग रुग्णवाहिकेत अडकलेला रुग्ण पुढे करतो. दोघांनाही मागे सरकता येत नाही, कारण स्वतःचा हट्ट सोडता येतो, दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न कसा सोडणार? अंगणाची गोष्ट दोघांनाही पहिल्यापासून ठाऊक असते. कागदावर मात्र ती कुठेच येत नाही.

यावर "तुमचा स्वार्थ आम्हाला कळतो" असं तोंडावर फेकणं हा उतारा नव्हे. ते वाक्यही निःस्वार्थ असतंच असं नाही. मुद्द्याला उत्तर सुचेनासं झालं की माणूस हेतूवर घसरतो. ब्राउनचं एडिसनच्या कंपनीशी असलेलं साटंलोटं ऑगस्ट १८८९मध्ये उघड झालं ते त्याच्या पत्रव्यवहारातून. एका वर्तमानपत्रानं ती पत्रं छापली, अर्थातच जनतेला खरं काय ते कळावं म्हणून. पत्रं ब्राउनच्या कार्यालयातून चोरलेली होती.