होमलॅब लॉग: गावाहून आलो आणि घरातलं नेट आठ दिवस मागे अडकलेलं

मंडळी, मागच्या नोंदीत लिहिलं होतं की पाय-होल (घरच्या नेटवर जाहिराती अडवणारा डीएनएस सर्व्हर; डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारी सोय) आता सेट झालंय, हात लावायची गरज नाही. ते वाक्य मागे घेतोय. गेले तीन आठवडे एकाच भानगडीच्या मागे होतो, ती आता पूर्ण सुटलीये, म्हणून सगळं सविस्तर टाकतो. ज्यांच्याकडे रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसता 'पाय') किंवा त्याआधीचा बोर्ड आहे आणि घरचा डीएनएस त्यावर चालतो त्यांनी नक्की वाचा.

झालं असं की गौरी-गणपतीला आम्ही सगळे गावी सिंधुदुर्गात गेलो. निघताना बाबांची सवय म्हणून मेन स्विच बंद. आठ दिवसांनी रात्री उशिरा पुण्यात परत आलो, स्विच चालू केला, फ्रीज सुरू, राउटरचे सगळे दिवे हिरवे, वायफाय कनेक्टेड, आणि नेट नाही. म्हणजे एकही साइट उघडेना, टीव्हीवर यूट्यूब नुसतं फिरत बसलेलं. आईने पहिला प्रश्न विचारला, "अरे, तुझ्या त्या छोट्या खोक्यामुळे नाही ना झालं?" मी म्हटलं नाही गं, नेटवाल्याचाच काहीतरी प्रॉब्लेम असेल. (आई बरोबर होती, हे इथे लिहून ठेवतो.)

लॅपटॉपवरून १.१.१.१ या बाहेरच्या सर्व्हरला पिंग मारला (उत्तर देतोय का ते बघितलं) तर मस्त उत्तर येतंय. नावाने पिंग मारला की फेल. म्हणजे लाइन ठीक, डीएनएसची बोंब. पाय-होलचं पान आयपी टाकून उघडलं, क्वेरी लॉगमध्ये गेलो तर वरपासून खालपर्यंत प्रत्येक ओळीवर एकच शिक्का: बोगस (म्हणजे उत्तर तपासणीत नापास), बोगस, बोगस. बँकेची साइट बोगस, गुगल बोगस, ऑफिसचं व्हीपीएन बोगस.

माझा पहिला संशय मेमरी कार्डवर गेला, कारण जूनमध्ये एक कार्ड असंच गेलं होतं. त्या वेळचं कारण पॉवरचं होतं, फोनच्या जुन्या चार्जरवर पाय चालवत होतो आणि थ्रॉटलिंगची (पॉवर कमी पडून पाय मंदावला का ते दाखवणारी) कमांड मारली की ५०००५ यायचं, म्हणजे आत्ताही व्होल्टेज कमी आहे आणि आधीही झालेलं आहे. साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की हा बोर्ड तक्रार करतो. तेव्हा ५ व्होल्ट ३ अँपियरचा नीट अडॅप्टर घेतला, तेव्हापासून तिथे शून्य येतं. त्या रात्रीही शून्यच आलं, डिस्कचाही काही एरर नाही. मग अपस्ट्रीम सर्व्हर, म्हणजे पाय-होल पुढे ज्या बाहेरच्या डीएनएसला विचारतो तो, ९.९.९.९ वरून १.१.१.१ केला, फरक नाही. पाय रीस्टार्ट केला, फरक नाही. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन डीएनएसएसईसीची (डीएनएसचं उत्तर खरं आहे का हे सहीवरून तपासणं) टिक काढली आणि एका सेकंदात सगळं चालू. टीव्ही लागला, आई झोपायला गेली, मीपण गेलो.

आता खरी गंमत पुढे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी टिक परत लावून बघितली तर सगळं व्यवस्थित चालतंय! काहीच बदललेलं नाही आणि चालतंय. असं आपोआप बरं झालेलं दुखणं मला अजिबात आवडत नाही, ऑफिसमध्ये अशी तिकिटं 'रिझॉल्व्ह्ड' करून बंद होतात आणि महिन्याभराने तीच परत येतात. पण कामाच्या गडबडीत मीही दोन आठवडे सोडून दिलं.

मग एका गुरुवारी आमच्याकडे नेहमीप्रमाणे मेंटेनन्ससाठी लाइट गेली. राउटर छोट्या यूपीएसवर आहे, पाय नाही. दुपारी लाइट आली आणि परत तेच, फक्त या वेळी काही साइट चालतायत आणि काही नाही, आणि पंधरा-वीस मिनिटांत आपोआप सगळं ठीक. तेव्हा डोक्यात आलं की हे गुरुवारी आधीही दोनतीनदा झालंय आणि प्रत्येक वेळी मी नेटवाल्याच्या नावाने बोटं मोडली होती. त्या संध्याकाळी शांतपणे बसून गणपतीहून आलो त्या रात्रीचा सिस्टिम लॉग काढला. स्क्रोल करता करता दोन ओळी दिसल्या, एकाखाली एक. वरच्या ओळीवर आम्ही गावी निघालो त्या दिवशीची तारीख, खालच्या ओळीवर परत आलो त्या रात्रीची. मध्ये काहीच नाही. लॉगने आठ दिवसांची उडी मारली होती, आणि ती उडी बरोबर मी टिक काढली त्याच क्षणी होती.

म्हणजे घड्याळ! पाय ४ वर बॅटरीवालं घड्याळच नाही. आपल्या पीसीच्या मदरबोर्डवर जो नाण्याएवढा सेल असतो तसं काही त्यावर नाही (पाय ५ मध्ये घड्याळ आलंय, सेल वेगळा लावावा लागतो). त्याऐवजी फेक-एचडब्ल्यूक्लॉक नावाचा छोटा प्रोग्राम दर तासाला वेळ एका फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि बूट होताना तीच वेळ परत लावतो. माझ्याकडे पायच्या सिस्टिमची बुलसाय आवृत्ती आहे, त्यात हे काम तासाच्या १७ व्या मिनिटाला होतं. आम्ही पहाटे साडेपाचला स्विच बंद केला होता. शेवटची नोंद ५:१७ ची, आणि त्या रात्री पाय तिथूनच पुढे चालू झाला.

आता डीएनएसएसईसीचं बघा. प्रत्येक उत्तरावर जी डिजिटल सही असते तिला कधीपासून आणि कधीपर्यंत अशा दोन तारखा असतात. रूट झोनच्या (डीएनएसच्या सगळ्यात वरच्या पायरीच्या) सह्या तर सारख्या ताज्या होत असतात. पायच्या हिशोबाने आज आठ दिवस आधीची तारीख, त्यामुळे समोर आलेली सही म्हणजे पुढच्या तारखेचा चेक, बँक जसा परत करते तसा त्याने परत केला. त्याचं काहीच चुकलं नाही. आणि वेळ दुरुस्त करायला एनटीपी (नेटवरून बरोबर वेळ आणणारी सोय) लागतो, एनटीपीच्या सर्व्हरचं नाव शोधायला डीएनएस लागतो, पाय डीएनएस स्वतःलाच विचारतो, आणि तो स्वतःलाच बोगस म्हणतो. टिक काढली की नाव सापडलं, वेळ लागली, मग टिक परत लावली तरी चालतं. गुरुवारी घड्याळ पाच-सहा तासच मागे असायचं, त्यामुळे ज्या सह्या त्याच्याही आधीच्या असतील त्या पास आणि ताज्या फेल, म्हणून ते अर्धवट चालणं.

खात्री करायला टाइमसिंक (एनटीपीवरून वेळ लावणारा प्रोग्राम) बंद केलं, हाताने तारीख आठ दिवस मागे नेली, डीएनएस रीस्टार्ट केला. पहिलीच ओळ बोगस. खरं सांगतो, इतका आनंद झाला की आईला उठवून सांगणार होतो.

मनाला लागलं ते वेगळंच. ऑफिसमध्ये मी रोज हेच काम करतो. विंडोज डोमेनमध्ये घड्याळ ५ मिनिटांहून जास्त चुकलं की करबेरॉस (तिथली लॉगिन तपासणारी यंत्रणा) लॉगिन देत नाही हे नव्या पोरांना मीच शिकवतो, ३० सेकंदांचे ओटीपी कोड चुकतात तेव्हा आधी मोबाइलची वेळ बघायला सांगतो, २०२२ मध्ये सर्ट-इनचा (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) आदेश आला तेव्हा सगळे सर्व्हर एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपीला जोडायचं कामही केलेलं आहे. आणि घरी तीन आठवडे डेट (date) ही वेळ दाखवणारी चार अक्षरी कमांड मारली नाही.

आता केलेले बदल. पहिला फुकटातला, आधी हाच करा: पायचा स्वतःचा नेमसर्व्हर १२७.०.०.१ (म्हणजे तो स्वतःच) होता तो काढून थेट ९.९.९.९ केला. घरातली सगळी उपकरणं पाय-होललाच विचारतात, फक्त पाय स्वतःसाठी बाहेर विचारतो, त्यामुळे ते चक्रच तुटतं.

दुसरा बदल, डीएस३२३१ चं (सेलवर चालणारं घड्याळ) मॉड्यूल लावलं. जुन्या आर्डुइनो (छंदाच्या प्रोजेक्टसाठीचा छोटा बोर्ड) घड्याळातलं पडून होतं. पिन १ वरून ३.३ व्होल्ट, ३ वर एसडीए, ५ वर एससीएल (डेटा आणि क्लॉकच्या वायरी), ९ वर ग्राउंड. आयटूसी (त्याच दोन वायरींवरून बोलायची पद्धत) स्कॅनमध्ये मॉड्यूलचा पत्ता ६८ दिसला, कॉन्फिगमध्ये ओव्हरले (पायला या मॉड्यूलची ओळख करून देणारी ओळ) टाकून रीबूट केल्यावर त्याच जागी यूयू दिसायला लागलं, म्हणजे ड्रायव्हरने ताबा घेतला. फेक-एचडब्ल्यूक्लॉक काढून टाकला, आणि एचडब्ल्यूक्लॉक-सेट फाइलमधल्या सिस्टिमडी (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) दिसला की बाहेर पडणाऱ्या तीन ओळी कमेंट केल्या, म्हणजे निष्क्रिय केल्या, त्या विसरलात तर बूटला वेळ वाचलीच जात नाही. इथे दोन ठेचा लागल्या. एक म्हणजे आर्डुइनोने त्यात भारतीय वेळ ठेवली होती, लिनक्स ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजतो, त्यामुळे पहिल्या बूटला पाय साडेपाच तास पुढे! एकदा बरोबर वेळ लिहून दिली की मिटलं. दुसरी जास्त महत्त्वाची, या निळ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करायचं सर्किट असतं, ते रिचार्जेबल एलआयआर२०३२ साठी. आपण साधा सीआर२०३२ टाकतो, तो चार्ज करायचा नसतो, ५ व्होल्टवर जोडलं तर सेल फुगू शकतो. मी ३.३ वर जोडलंय तरी सोल्डरिंग आयर्नने तो २०० ओहमचा छोटा रेझिस्टर उडवून टाकला. भिंग आणि चिमटा घेऊन बसा, दोन मिनिटांचं काम आहे.

काल गुरुवार होता. दहाला लाइट गेली, तीनच्या सुमारास आली. राउटरची वायर मुद्दाम काढून ठेवली होती, म्हणजे एनटीपी मिळूच नये. पाय चालू झाल्यावर कीबोर्ड जोडून डेट मारली आणि मोबाइल शेजारी धरला, सेकंदसुद्धा जुळत होता. मग वायर लावली, क्वेरी लॉगमध्ये एकही बोगस नाही.

आता पायलाच ५ व्होल्टचा छोटा यूपीएस लावायचाय, म्हणजे कार्डालाही झटका बसणार नाही. कोणी पाय ४ ला असा यूपीएस वापरत असेल, जो लाइट जाता-येता मध्ये पॉवर तोडत नाही, तर कुठला ते सांगा, पुढच्या गुरुवारच्या आत घ्यायचा आहे.