चौथी तबकडी

थॉर्नटन वाइल्डरच्या ‘द स्किन ऑफ अवर टीथ’चा दुसरा अंक नटांइतकाच चार काळ्या तबकड्यांवर उभा आहे. नाटक १९४२चं. या अंकात अटलांटिक सिटीच्या किनाऱ्यावर सस्तन प्राण्यांचं अधिवेशन भरलंय, मिस्टर अँट्रोबस अध्यक्ष झालेत, सगळे मजेत आहेत. बाजूच्या खांबावर हवामानाचे इशारे चढतात. एक तबकडी म्हणजे हवा बिघडणार, दोन म्हणजे वादळ, तीन म्हणजे चक्रीवादळ आणि चार म्हणजे जगबुडी.

ठाण्यातल्या प्रयोगासाठी बावटे घ्यावेत असं आधी ठरत होतं. ‘तीन नंबरचा बावटा’ चेंदणी कोळीवाड्यात पोरालाही कळतो. पण आपल्या बंदरांवरचे इशारे अकरा, तिथे चारला शेवट होत नाही. प्रेक्षकाने मोजत मोजत शेवटाशी यावं, म्हणून तबकड्याच ठेवल्या. आणि तबकडी चढायची ती रंगमंचावरचं कुणीही तिकडे पाहत नसताना. एका पात्राने जरी मान वर केली, तरी अंक गेला.

सहा मिमी प्लाय, दोन फूट व्यास, मॅट काळा रंग. ऑइलपेंट स्पॉटमध्ये चकाकतो. खांब पंधरा फुटी, वर चार कप्प्या, चार सुती दोऱ्या डाव्या विंगेत. एका दोरीवर टांगलेली तबकडी चढताना गिरकी घेते, कड हॉलकडे येते आणि मागच्या रांगांना गोलाऐवजी नुसती रेघ दिसते. तालमीत तेच झालं. मग खांबालगत दोन तारा ताणल्या आणि तबकडीच्या दोन्ही बाजूंचे आकडे त्यांत अडकवले.

प्रयोगात पहिल्या अंकानंतर दोऱ्या ओढून पाहिल्या, तर तिसरी अर्ध्यावर अडकली. तबकडी जेमतेम किलोभराची, जरा ढील मिळाली की दोरी कप्पीच्या खोबणीतून निसटते आणि चाक-पत्र्याच्या मध्ये शिरते. “दादा, शिडी लावू?” बॅकस्टेजच्या पोराने विचारलं. शिडीसाठी अर्धा किनारा हलवावा लागला असता, आणि दुसरी घंटा झाली होती.

दोरी कापली, तिसरी खाली घेतली, चौथीची दोरी तिला बांधली. चौथी हातात उरली. खांबावर साडेसहा फुटांवर एक खिळा ठोकला. अधिवेशनवाल्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून फिरवणारा एक पोऱ्या या अंकात आहे; त्याच्याकडे प्रेक्षकांचं फारसं लक्ष नसतं. त्याला सांगितलं, “खुर्ची थांबव, तबकडी अडकव, परत खुर्ची ढकल. घाई नको. वर बघू नकोस.” ध्वनीवाल्याला सांगितलं, खिळ्यात बसेपर्यंत गडगडाट सोडायचा नाही.

त्याने रोजचं काम असावं तशी ती अडकवली. प्लाय खांबाला टेकल्याचा ‘टक्’ शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. हॉलमध्ये कुणी तरी हलक्या आवाजात “चार” म्हणालं. मग गडगडाट, मग जोडी-जोडीने नौकेकडे निघालेले प्राणी.

पुढच्या प्रयोगापासून चौथी दोरी चढवलीच नाही. खिळा मात्र काढून तिथे जाड आकडा बसवला. खिळ्यावरून तबकडी ढळते.