तुम्ही विचारलंत म्हणून: टपोऱ्या शेंगा निवडूनही पीक का वाढत नाही?

गोव्यात पेडण्याला, डिचोलीला सरदाचं म्हणजे पावसाळी भात कापून झालं की खेर म्हणजे रेताड जमिनीत कुणी आळसांदे (चवळी) पेरतं, कुणी भुईमूग. माझं काम भुईमुगाच्या नव्या जाती तयार करण्याचं. त्यामुळे शेंगा उपटायच्या दिवसांत भेटणारा जवळजवळ प्रत्येक जण मला हेच विचारतो: "बाई, दर वर्षी ढिगातल्या सगळ्यांत टपोऱ्या शेंगा आम्ही बियाला बाजूला काढतो. मग उत्पन्न वाढायला नको? जंगली भुईमुगाशी संकर वगैरे कशाला करत बसता तुम्ही?"

शेंगा निवडून ठेवता ते उत्तमच करता. भरलेला, निरोगी दाणा जोमाने उगवतो, शेतात नांग्या (रिकाम्या जागा) पडत नाहीत. पण त्या निवडीने जात सुधारत नाही. भुईमुगाचं पिवळं फूल पहाटे उमलतं, तोवर त्याचं परागीभवन बहुधा आतल्या आत उरकलेलं असतं. स्वतःच्याच परागाने, पिढ्यान्‌पिढ्या. त्यामुळे एका जातीची सगळी झाडं वंशाने जवळजवळ एकसारखी होतात. मग एक शेंग टपोरी नि दुसरी बारीक का? फूल फळल्यावर त्यातून जमिनीत शिरणारा आणि टोकाला शेंग धरणारा दांडा, म्हणजे आरी, आधी गेली की उशिरा, तिथे ओल किती होती, चुना म्हणजे कॅल्शियम किती होतं, यावर ते ठरतं. चुन्याचं तर नीट सांगायला हवं. शेंग मातीखाली असते, पानांसारखं तिच्यातून बाष्प बाहेर पडत नाही, म्हणून मुळांनी वर ओढलेलं कॅल्शियम तिच्या वाट्याला फारसं येत नाही. ते तिला भोवतालच्या मातीतून स्वतःच शोषून घ्यावं लागतं. आपल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत फोल शेंगा निघतात त्या पुष्कळदा यामुळे, आणि फुलोऱ्यात झाडांच्या बुडाशी जिप्सम द्या म्हणतात ते याचसाठी.

मातीने दिलेला टपोरेपणा मात्र दाण्याबरोबर पुढच्या वर्षी जात नाही. योहानसेन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०३ साली घेवड्यावर हे दाखवून दिलं: एकाच शुद्ध वाणातले मोठे दाणे पेरा की बारीक, पुढच्या पिढीची सरासरी तीच येते.

निवडायचं तर आधी वेगळेपणा हवा. भुईमुगात नेमकी त्याचीच वानवा आहे. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेत, बोलिव्हिया आणि अर्जेंटिनाच्या सीमेकडच्या भागात, २० गुणसूत्रांच्या दोन जंगली जातींचा योगायोगाने संकर झाला आणि गुणसूत्रं दुप्पट होऊन ४० झाली. आज जगभर पिकणारा भुईमूग त्याच मोजक्या पूर्वजांचा वंश आहे. उपट्या, पसऱ्या, लाल दाण्याच्या, गुलाबी दाण्याच्या जाती दिसायला कितीही निराळ्या असोत, जनुकांच्या पातळीवर त्यांच्यात अंतर फार थोडं. गुणसूत्रं दुप्पट झाल्याने मागे राहिलेल्या जंगली भावकीशी बेटीव्यवहारही बंद झाला. म्हणून टिक्का आणि तांबेरा हे पानांवरचे रोग आले की पूर्वीच्या जातींकडे त्यावर उत्तर नसायचं.

उत्तर होतं ते जंगली जातींकडे. आराकिस कार्डेनासी ही त्यांतली एक. तिचा भुईमुगाशी संकर केला की येणारं झाड वांझ निघतं. मग कोल्चिसिन या रसायनाने त्याची गुणसूत्रं ६० करायची आणि पुढच्या पिढ्यांत ती उतरत उतरत पुन्हा ४० वर येईपर्यंत धीर धरायचा. १९६०च्या दशकात अमेरिकेत लोकांनी हे चिकाटीने केलं. या जंगली जातीचा अंश आज कितीतरी देशांतल्या वाणांत आहे. आपल्या शेजारी धारवाडला तयार झालेल्या जीपीबीडी-४ या वाणातही तो आहे, आणि टिक्का-तांबेऱ्याला तो वाण उभा राहतो तो त्याच्याच बळावर. मला या कामाइतका आदर क्वचितच कशाचा वाटतो.

साधा संकरसुद्धा हातानेच करावा लागतो. संध्याकाळी कळी चिमट्याने उघडायची आणि परागकोश एकेक करून काढायचे. आदल्या दिवशीची कळी इतकी नाजूक असते की पाकळी फाटली तर ती गेलीच. सकाळी दुसऱ्या जातीचा पराग कुक्षीवर लावायचा. देठासारखी दिसते ती फुलाची लांब नळी असते, बीजांडं तिच्या तळाशी. तिथे रंगीत दोरा बांधायचा, नाहीतर आऱ्या मातीत गेल्यावर संकराची कुठली हे कळायचं कसं? सगळं साधलं तर हाती एक शेंग येते, दोन दाण्यांची. त्यापुढे गुण स्थिर व्हायला पाच-सहा पिढ्या, मग ठिकठिकाणच्या चाचण्या. भाभा अणुसंशोधन केंद्राने आणखी एक वाट धरली, किरणांनी उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकांत बदल, घडवायची. अशा उत्परिवर्तित झाडांच्या संकरातून १९९१ साली टीएजी-२४ ही जात आली. ती ठेंगणी आणि लवकर येणारी. झाड मिळवलेलं अन्न पाल्यापेक्षा शेंगांकडे जास्त वळवतं, म्हणून तिचं उत्पन्न चांगलं. हिरवागार दाट पाला बघून खूश होऊ नका, असं मी म्हणते ते यासाठी.

गोव्यासाठी मला निवडायला सांगितलंत तर मी शेंगांच्या आकड्याआधी सुप्तावस्था, म्हणजे ताजा दाणा काही दिवस न उगवण्याचा गुण, बघेन. जेएल-२४, एसबी-११ यांसारख्या उपट्या जातींच्या ताज्या दाण्यात ती नसते. पेरणी उशिरा झाली, काढणी मेमध्ये गेली आणि वळीव कोसळला की शेंगा जमिनीतच मोडावतात. दोन-तीन आठवडे न उगवणारा दाणा आणि टिक्का सोसणारं पान एका झाडात आणायचं, तर दोन्ही गुण कुणाच्या तरी शेतात किंवा बीजपेढीत जिवंत असायला हवेत.

म्हणून घरात जुन्या माणसांच्या वेळचं, बाजारात न मिळणारं बी असेल तर ते नव्या बियाण्याच्या नादात संपवू नका. जुन्या गोव्यात एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथे थोड्या शेंगा नेऊन दाखवा. फोडून दाणे नेऊ नका, टरफलात बी जास्त टिकतं. गाव, जमीन आणि पेरणीचा महिना चिठ्ठीवर लिहून पिशवीतच ठेवा.