स्टॉप एकदाच दाबा

डीव्हीडी प्लेअरवर स्टॉप एकदा दाबणं आणि दोनदा दाबणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकदा दाबलं की बहुतेक प्लेअर टायटल, चॅप्टर आणि वेळ टिपून ठेवतात. पडद्याच्या कोपऱ्यात 'रिझ्यूम' अशी बारीक अक्षरं येतात आणि प्ले दाबलं की गाडी तिथूनच पुढे जाते. दुसऱ्यांदा दाबलं की ती नोंद पुसली जाते. बटण लागलं की नाही अशी शंका येऊन माणूस पुन्हा दाबतो, तिथेच घात होतो.

ही नोंद राहते कुठे, हेही पाहायला हवं. स्वस्त प्लेअरमध्ये ती साध्या रॅममध्ये, म्हणजे वीज तुटली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत असते. रिमोटने स्टँडबायवर टाकलं तर टिकते. पण आपल्याकडे झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची सवय, आणि लाइट गेली तर तेवढेही कष्ट नकोत. जरा बऱ्या प्लेअरमध्ये नोंद कायमस्वरूपी मेमरीत जाते, तीही एकाच नव्हे तर अनेक डिस्कची: काही मॉडेल्समध्ये सहा, काहींत चाळीस. अशा प्लेअरमधून डिस्क बाहेर काढून महिन्याने परत घातली तरी चालतं. ट्रे उघडताच सगळं विसरणारा प्लेअर असेल तर डिस्क आतच ठेवा.

कधी जागा बरोबर सापडते, पण सबटायटल गायब किंवा भाषा भलतीच. डीव्हीडीच्या आत एक छोटा प्रोग्रॅम चालू असतो. डिस्कने वापरायची १६ आणि प्लेअरच्या स्थितीची २४ अशी रजिस्टर्स, म्हणजे नोंदीचे छोटे कप्पे, त्याच्या हाताशी असतात. आवाजाचा ट्रॅक, सबटायटल, मेनूत काय निवडलं, हे सगळं तिथे. प्लेअरने फक्त जागा जपली आणि रजिस्टर्स सोडून दिली, की हा गोंधळ होतो. रिमोटवरच्या ऑडिओ आणि सबटायटलच्या बटणांनी तो निस्तरता येतो.

ब्लू-रेला मात्र खरी डोकेदुखी आहे, आणि लोक विनाकारण प्लेअरला शिव्या घालतात. ब्लू-रे डिस्क दोन पद्धतींनी बनतात. एचडीएमव्ही पद्धतीच्या डिस्क डीव्हीडीच्याच वळणाच्या असतात, त्यांना रिझ्यूम सहसा जमतं. बीडी-जे पद्धतीत डिस्कवर जावा भाषेतला प्रोग्रॅम असतो आणि सिनेमा तोच चालवतो. स्टॉप दाबलं की तो प्रोग्रॅमच बंद पडतो. त्याच्या पोटात काय चाललं होतं हे प्लेअरला कळायला मार्ग नाही, म्हणून प्ले दाबलं की पुन्हा पाढे पंचावन्न: लोडिंगचं चक्र, लोगो, कॉपीराइटची पाटी, ट्रेलर. त्यातल्या पाटीवर पुढे जाण्याचं बटणही डिस्कनेच बंद केलेलं असतं. ज्याने पैसे मोजून डिस्क घेतली त्यालाच चोरी करू नका म्हणून दर वेळी बसवून ठेवायचं, हा कुठला न्याय!

बीडी-जे डिस्क बनवणाऱ्यांनी मनावर घेतलं तर जागा प्लेअरच्या लोकल स्टोरेजमध्ये लिहून ठेवता येते. काही डिस्क तसं करतात आणि सुरू होताना 'पुढे चालू ठेवायचं का' असं विचारतात. अशी डिस्क एकाएकी विचारेनाशी झाली तर कोणी सेटिंगमधून बीडी डेटा, म्हणजे ब्लू-रे डिस्कनी प्लेअरमध्ये लिहिलेल्या नोंदी, पुसला आहे का, ते पाहा.

डिस्क कोणत्या जातीची, हे दीड तासाने कळण्यापेक्षा पाच मिनिटांत कळलेलं बरं. सिनेमा सुरू झाला की लगेच एकदा स्टॉप, मग प्ले. तिथूनच सुरू झाला तर निश्चिंत राहा. पहिल्यापासून सुरू झाला तर त्या डिस्कला स्टॉप लावायचाच नाही, फक्त पॉज.

पॉजलाही पथ्यं आहेत. सेटिंगमध्ये ऑटो पॉवर ऑफ किंवा ऑटो स्टँडबाय असतं, ते बंद करा. नाहीतर काही प्लेअर अर्ध्या तासात आपोआप झोपतात. दुसरा चोर एचडीएमआय केबलमधून येतो. टीव्ही बंद केला की प्लेअरलाही बंद होण्याचा निरोप जातो. सोनीवर त्याला ब्राव्हिया सिंक, सॅमसंगवर एनीनेट प्लस, एलजीवर सिम्पलिंक म्हणतात. त्यातलं एकत्र बंद होण्याचं सेटिंग काढून टाका. ओएलईडी टीव्ही असेल तर पॉजचं स्थिर चित्र तासभर पडद्यावर ठेवू नका, फक्त टीव्ही बंद करा.

यातलं काहीच जमत नसेल तर चिठ्ठी. थांबण्यापूर्वी डिस्प्ले बटण दाबा, चॅप्टर आणि वेळ लिहा, कागद डिस्कच्या डबीत ठेवा. पुढच्या वेळी मुख्य सिनेमा सुरू झाल्यावर सर्च किंवा गो-टू दाबून १:१२:४० असा आकडा टाका. मनाईची खूण आली तर चॅप्टर क्रमांक टाकून बघा. फास्ट फॉरवर्डही चालतं: ३० पट वेगाने दीड तास तीन मिनिटांत सरतो. व्हीसीडीवर पीबीसी (डिस्कवरचा मेनू चालवणारी सोय) चालू असताना वेळ टाकून चालत नसेल तर आधी पीबीसी बंद करा.

आणि चिठ्ठीवर लिहिण्याआधी नीट बघा, आकड्यापुढे वजाचं चिन्ह असेल तर तो झालेला नव्हे, उरलेला वेळ आहे. डिस्प्ले आणखी एकदा दाबा.